खारीच्या पिल्लाचं दूध: किती पातळ, किती गरम, किती थेंब

पिंपळपान

एसीच्या सर्व्हिसिंगचा हंगाम आणि पावसाळ्याआधीची झाडछाटणी, या दोन्ही वेळी "खारीचं पिल्लू सापडलंय, काय पाजू?" हा प्रश्न इथे हमखास येतो. उत्तरं चार धाग्यांत विखुरली आहेत आणि त्यातली निम्मी "गाईच्या दुधात पाणी घालून द्या" या छापाची आहेत. म्हणून हा वेगळा धागा. विषय घराभोवतीच्या खारींचा, म्हणजे तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची. शेकरूचं पिल्लू असेल तर हे वाचत बसू नका, थेट वनखात्याला फोन करा.

दुधाआधीचं थोडं. जखम नसेल आणि आई आसपास असण्याची शक्यता असेल, तर पिल्लू ऊब दिलेल्या उघड्या डब्यात घालून सापडलं तिथेच जरा उंचावर ठेवा आणि लांबून लक्ष ठेवा. खार पिल्लाला तोंडात धरून उचलून नेते. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हा निव्वळ गैरसमज. मात्र ती दिवसा वावरणारी आहे, अंधार पडला की वाट बघण्यात अर्थ नाही, पिल्लू आत घ्या. मांजराच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू मात्र आईची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. दात रुतल्याची खूण दिसली नाही तरी न्यायचं, कारण मांजराच्या लाळेतल्या जंतूंवर प्रतिजैविक वेळेत सुरू झालं नाही तर दूध कितीही नीट पाजलं तरी उपयोग नसतो.

आणि क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी ऊब, मग पाणी, मग दूध. गार पिल्लाचं पोट चालत नाही. त्यात गेलेलं दूध पुढे सरकत नाही, तिथेच आंबतं, पोट फुगतं. "दूध दिलं आणि तासाभरात गेलं" यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

रानजाई

ऊब कशी द्यायची ते लिहिते, कारण इथेच गडबड होते.

बुटाच्या खोक्यात जुन्या टी-शर्टचं कापड घाला. टर्किशचा टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं आणि बोटं अडकतात. कापूसही नको, तो ओल्या अंगाला आणि तोंडाला चिकटतो. खोक्याच्या फक्त अर्ध्या भागाखाली गरम पाण्याची पिशवी किंवा फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे जास्त झालं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. अंगावर केस नसलेल्या पिल्लाला खोक्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस लागतं, केस आलेल्याला २८ ते ३० पुरतं. बाटली तासा-दीड तासात गार होते आणि मग तीच उलट ऊब शोषून घेते. रात्री गजर लावून पाणी बदला. एलईडीचा बल्ब लावून "ऊब दिली" म्हणणारे फार भेटतात. त्यातून ऊब मिळत नाही, नुसता उजेड पडतो.

पिल्लू तापलं की नाही ते बोटाने कळत नाही, ओठाला लावून बघा. पोट तुमच्या ओठाइतकं किंवा जास्त उबदार लागलं पाहिजे. त्याला अर्धा ते एक तास लागतो. तोवर तोंडात थेंबही नाही.

एक राहिलंच, मुंग्या. दुधाच्या वासाने रात्रीत रांग लागते आणि डोळे मिटलेलं पिल्लू काही करू शकत नाही. खोकं स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

मोजपट्टी

आकड्यांचं माझ्याकडे.

गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण ४ टक्के, प्रथिनं सव्वातीन-साडेतीन आणि दूधसाखर पावणेपाचच्या आसपास. खारींपैकी ज्यांच्या दुधाची तपासणी नेहमी दाखला म्हणून दिली जाते, त्या अमेरिकेतल्या राखाडी खारीच्या दुधात स्निग्धांश २५ टक्क्यांच्या घरात, प्रथिनं ७-८ आणि दूधसाखर पावणेचारच्या आसपास. म्हणजे गाईचं दूध खारीसाठी एकीकडे पाणचट आणि दुसरीकडे साखरेला जड. वर त्यात पाणी घातलं की जे कमी होतं ते आणखी कमी होतं. साखर पचली नाही की हगवण, हगवणीने अंगातलं पाणी जातं, आणि १२ ग्रॅमच्या जिवात पाणी असतं तरी किती?

बाळांच्या डब्यातलं दूध तर त्याहून वाईट. ते माणसाच्या दुधाबरहुकूम बनवलेलं असतं आणि माणसाच्या दुधात साखर ७ टक्के. "बाळाला चालतं मग खारीला का नाही" याचं उत्तर हे.

कुत्रीचं दूध (स्निग्धांश ९, प्रथिनं साडेसात-आठ, साखर साडेतीन टक्क्यांच्या आसपास) त्यातल्या त्यात जवळचं. म्हणून कुत्र्याच्या पिल्लांसाठीची दूधपावडर वापरायची. रॉयल कॅनिनचं बेबीडॉग मिल्क किंवा बाहेरून येणारं एस्बिलॅक, दोन्हीच्या कोरड्या पावडरीत स्निग्धांश ४० टक्क्यांच्या आसपास आहे. दुसरं काही घेत असाल तर डब्यामागचा तक्ता वाचा. प्रथिनं ३०च्या वर आणि स्निग्धांश ३०च्या वर हवा. पहिल्या तीन घटकांत साखर किंवा माल्टोडेक्सट्रिन दिसलं तर डबा परत फळीवर.

गवती चहा

रात्री ११ वाजता पिल्लू सापडलं, दुकानं बंद. मग? शेळीचं दूध चालेल का?

मोजपट्टी

शेळीच्या दुधात साखर गाईपेक्षा किंचितच कमी, स्निग्धांश जवळपास तेवढाच. गाईपेक्षा बरं, इतकंच. पण रात्रीपुरतं दूध लागतच नाही, ओआरएसवर पिल्लू सकाळपर्यंत निघतं. चुकीच्या दुधापेक्षा रात्रभर नुसतं ओआरएस शंभर पटीने बरं. मात्र २४ तासांच्या वर फक्त त्यावर ठेवू नका, त्यात पोषण नाही.

रानजाई

ओआरएस म्हणजे पुडी, टेट्रापॅकमधलं फळांच्या चवीचं गोड पाणी नाही. पुडीवर १ लिटरसाठी मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असं लिहिलेलं बघून घ्या. "मला तर १० मिलीच हवंय" म्हणून चिमूटभर काढू नका. पुडीत क्षार आणि साखर सारखे मिसळलेले नसतात, चिमटीत नुसतं मीठ येऊ शकतं. आख्खी पुडी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला, लागेल तेवढं घ्या, उरलेलं घरच्यांनी प्या किंवा २४ तासांनी ओतून द्या.

पहिल्या दोन-तीन वेळा फक्त हे, कोमट करून. पाठीवरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा. लगेच जागेवर आली तर दुधाकडे वळा. तंबूसारखी उभी राहिली तर अजून पाणी हवं.

पिंपळपान

आता दूध कालवणं. माप पावडरीचं आणि पाण्याचं एकाच चमच्याने, आकारमानाने.

पहिल्या दिवशी दोन वेळा १ भाग पावडर आणि ४ भाग पाणी. शी ठीक असेल तर पुढच्या दोन-तीन वेळा १ ला ३. दीड दिवसात १ ला २ वर या आणि तिथे थांबा. एकदम घट्ट दिलं की पोट बिघडतं, आणि दोषी ठरते पावडर.

५ मिलीचा एक सपाट चमचा पावडर आणि दोन चमचे पाणी यांचं साधारण १२ मिली दूध होतं. १५ ग्रॅमची दोन पिल्लं असतील तर दिवसाला तेवढं पुरतं. आधी उकळून मग हाताला सोसवेल इतपत निवालेलं पाणी घ्या, ५० अंशांच्या आत. त्यात पावडर भुरभुरून चमच्याच्या पाठीने दाबत कालवा. घुसळायचं नाही. कॉफी फेटायच्या यंत्राने तर नाहीच, कारण फेस म्हणजे हवा आणि ती सगळी पोटात जाते. मग बारीक जाळीच्या चहाच्या गाळणीतून गाळा, नाहीतर सिरिंजच्या टोकाशी गुठळी अडते. तुम्ही जोर लावता, गुठळी सुटते आणि अर्धा मिली दूध एकदम घशात.

रात्री कालवून ४ तास फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी वापरलं तर पावडरीचे कण नीट भिजतात, शी सुधारते. पहिल्या दिवशी तेवढी सवड नसते, पण दुसऱ्या दिवसापासून ही सवय लावा. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तास, मग टाकून द्यायचं. उघडलेला डबाही घट्ट झाकून फ्रिजमध्येच. चाळीस टक्के चरबी असलेली पावडर आहे, बाहेर खवट होते, आणि कोकणातल्या पावसात तर आठवड्यात डिखळ धरते.

टिटवी

साय किंवा क्रीम घालायचं का? परदेशातल्या कृतींत बहुतेक ठिकाणी असतं.

मोजपट्टी

हिशेब करून बघा. वरच्या १२ मिली दुधात पावडर सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चरबी ०.९ ग्रॅम, साडेसात टक्के. त्यात पाव चमचा (सव्वा मिली) २५ टक्क्यांचं डबाबंद क्रीम घातलं तर ती ९ टक्क्यांवर जाते. फरक पडतो, पण पहिल्या आठवड्यात तो मिळवण्यासारखा नाही, कारण नव्या पोटाला एका वेळी एकच बदल झेपतो. शी चार-पाच दिवस घट्ट राहिली आणि वजन मात्र हवं तसं वाढत नसेल, तेव्हा घाला. घरची साय कधीच नको. तिच्यात चरबी किती ते रोज बदलतं आणि गुठळ्या गाळणीत राहतात.

रानजाई

याबाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. केस नसलेल्या पिल्लाला मी क्रीम सुचवणारच नाही. केस आलेल्याला ठीक.

पिंपळपान

गरम करणं. धाग्याच्या नावात "किती गरम" मुद्दाम घातलंय, कारण पावडर चांगली आणि माप बरोबर असूनही लोक इथे चुकतात.

गॅसवर नाही. मायक्रोवेव्हमध्येही नाही, त्यात दुधाचा एक घोट पोळतो आणि दुसरा गारच राहतो. त्या वेळेपुरतं ३-४ मिली दूध औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीत काढा आणि बाटली गरम पाण्याच्या वाडग्यात उभी करा. स्टीलच्या वाटीत इतकं कमी दूध क्षणात तापतं आणि क्षणात निवतं, काच सावकाश चालते. तीन-चार मिनिटांनी बाटली हलकेच फिरवून दूध सारखं करा.

हवं ३८ ते ३९ अंश. घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर इथे उत्तम चालतो, टोक दुधात बुडवा, १०० ते १०२ फॅरनहाइट दिसलं की झालं. तो थर्मामीटर मग याच कामाला ठेवा. नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाका. इथे एक गोम आहे. मनगटाची कातडी ३२-३३ अंशांचीच असते. थेंब "गरमही नाही, गारही नाही" असा लागला तर दूध पिल्लासाठी गार आहे. किंचित ऊब जाणवली पाहिजे.

यापुढची चूक सगळ्यात जास्त होते. बाटलीत ३९ अंश असलेलं दूध १ मिलीच्या सिरिंजमध्ये भरलं की मिनिट-दोन मिनिटांत खोलीइतकं व्हायला लागतं, थंडीत तर त्याआधीच. पिल्लू पहिले चार थेंब चोखतं आणि मग तोंड फिरवतं. आपल्याला वाटतं पोट भरलं. पोट भरलेलं नसतं, दूध गार झालेलं असतं. म्हणून दोन-तीन सिरिंजा भरून कोमट पाण्याच्या पेल्यात टोक वर करून उभ्या ठेवा आणि एकेक उचला. उचलली की बाहेरून पुसा, नाहीतर पाण्याचे ओघळ पिल्लाच्या नाकावर येतात.

एकदा गरम केलेलं परत गरम करायचं नाही. उरेल ते मोरीत. ३ मिलीचा लोभ नको.

टिटवी

सिरिंज कोणती? औषधाच्या दुकानात "लहान द्या" म्हटलं की इन्सुलिनची देतात.

मोजपट्टी

तिथेच घोळ होतो. भारतात इन्सुलिनच्या सिरिंजा दोन प्रकारच्या मिळतात, यू-४० (लाल टोपी) आणि यू-१०० (केशरी टोपी). त्यांच्यावर मिली नसतात, युनिटं असतात. यू-४० वर २० म्हणजे अर्धा मिली, यू-१०० वर २० म्हणजे ०.२ मिली. एकीच्या जागी दुसरी वापरली की अडीच पटीचा फरक. शिवाय बऱ्याच इन्सुलिन सिरिंजांची सुई निघत नाही. १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज मागा. मिलीच्या शंभराव्या भागाच्या खुणा असतात, सुई काढून फेकता येते. २ किंवा ५ मिलीची नको, दट्ट्या अडतो आणि मग झटक्यात सरकतो. धुऊन धुऊन रबर चिकटायला लागलं की दोन-तीन दिवसांत नवी घ्या, १० रुपयांत पिल्लाच्या फुप्फुसाशी खेळ नको.

प्रमाण: एका वेळी वजनाच्या ५ टक्के. १० ग्रॅमला ०.५ मिली, २० ला १ मिली, ३० ला दीड, ५० ला अडीच. पोट साधारण तेवढंच असतं. भूक दिसली तरी सुरुवातीच्या दोन दिवसांत याच्या वर जाऊ नका. वजनासाठी सोनार वापरतात तसला ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या. वर वाटी ठेवून शून्य करा, मग पिल्लू. रोज सकाळी, पहिल्या दुधाआधी. वजन सलग दोन दिवस वाढलं नाही तर काहीतरी चुकतंय, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

रानजाई

वेळा: अंगावर केस नाहीत तोवर दर २ तासांनी, रात्रीही एक-दोनदा. केस आले पण डोळे मिटलेले, तर दर ३ तासांनी. डोळे उघडले (साधारण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास) की दर ४ तासांनी आणि रात्रीचं बंद.

धरायचं कसं? उताणं कधीही नाही. आपण तान्ह्या बाळाला धरतो तसं धरलं की दूध श्वासनळीत जातं. पोट तळहातावर, डोकं किंचित वर, पुढचे पाय टेकायला तुमचं बोट. सिरिंजचं टोक ओठाला लावा, एक थेंब येऊ द्या आणि थांबा. त्याने चोखायला सुरुवात केली की त्याच्याच लयीत दट्ट्या सरकवायचा. तुम्ही पाजत नाही आहात, ते पितंय, हे बोटाला कळलं पाहिजे.

नाकातून बुडबुडा आला तर लगेच सिरिंज बाजूला, डोकं खाली, कागदी रुमालाने नाक टिपा आणि एक-दोन मिनिटं थांबा. पुढच्या वेळी पाजण्याआधी पिल्लू कानाशी धरा. श्वासाबरोबर बारीक टिकटिक किंवा चुरचुर ऐकू आली, तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, तर दूध फुप्फुसात गेलंय. डॉक्टर, त्याच दिवशी. घरगुती इलाज नाही.

पिऊन झालं की कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या बोळ्याने हनुवटी पुसा. वाळलेल्या दुधाखालचे केस गळतात आणि कातडी सोलवटते. दुसरा बोळा घेऊन शेपटीखाली हलकेच फिरवा, अर्धा-एक मिनिट. डोळे उघडेपर्यंत आई चाटते तेव्हाच शी-शू होते, आपण नाही केलं तर तुंबतं.

गवती चहा

शी कशी दिसली म्हणजे बरोबर?

रानजाई

मोहरीच्या पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत, तांदळाच्या कणीसारखी, बोळ्याला फार न चिकटणारी. पिवळं पाणी आलं तर एक वेळ नुसतं ओआरएस आणि पुढच्या दोन वेळा १ ला ४. पांढरी, दह्यासारखी कणीदार आली तर दूध न पचता बाहेर पडतंय. बहुधा घट्ट झालंय किंवा पिल्लू गार आहे, आधी खोक्याखालची बाटली तपासा. शू फिकट हवी. गडद पिवळी आणि थेंबभरच, म्हणजे पाणी कमी पडतंय.

पोट ढोलकीसारखं ताणलेलं आणि टणक लागलं तर दूध बंद. कोमट पाण्यात कमरेपर्यंत दोन-तीन मिनिटं धरा, बोटाने पोटावर गोल फिरवा, पुसून कोरडं करून उबेत ठेवा. दोन तासांत उतरलं नाही तर डॉक्टरला दाखवा. बाळांचे पोटफुगीचे थेंब मनाने देऊ नका, १५ ग्रॅमच्या जिवाचा डोस बाटलीवर लिहिलेला नसतो.

टिटवी

सिरिंजचं टोक बारक्या पिल्लाला जाड पडतं. त्याला सलाइनच्या कॅन्युलाची मऊ नळी लावतात असं ऐकलंय?

पिंपळपान

हो. गुलाबी (२० नंबर) कॅन्युला घ्या. आतली पोलादी सुई पूर्ण काढून टाका, मऊ नळी १ सेंटिमीटर ठेवून सरळ कापा आणि कापलेली कड बोटावर घासून टोचत नाही ना ते बघा. सिरिंजला ती तशीच घट्ट बसते, तरी प्रत्येक वेळी ओढून बघायची. पिवळी २४ नंबरची फारच बारीक, तिच्यात दूध अडतं. खालचे पुढचे दात दिसायला लागले की मात्र नळी बंद. कुरतडून तुकडा गिळला तर तो काढता येत नाही. तोवर तोंडही मोठं झालेलं असतं, साधं टोक चालतं.

गवती चहा

डोळे उघडलेत, ३८ ग्रॅम. दुधात पाव कुस्करून देऊ का? सगळे तेच सांगतायत.

मोजपट्टी

नको. पाव, बिस्किट, शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, कशातच पुरेसं कॅल्शियम नाही आणि दाण्या-बियांत फॉस्फरस भरपूर. वाढत्या वयात यावर ठेवलं की हाडं मऊ पडतात, मागचे पाय ओढत चालायला लागतं. दूध चालूच ठेवा, ३८ ग्रॅमला १.९ मिली. सोबत सफरचंदाची पातळ काप, लाल भोपळा, हिरवा मटार, मक्याचे कोवळे दाणे ठेवा, आधी नुसतं हुंगेल. पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो कुरतडायला द्या. सकाळचं कोवळं ऊन, पण खोक्याच्या अर्ध्या भागात सावली ठेवून. दूध त्याने स्वतः नाकारेपर्यंत तोडू नका, साधारण ८ ते १० आठवडे.

टिटवी

दोन नर पिल्लं एकत्र आहेत, एकाची शूची जागा लाल आणि सुजलेली.

रानजाई

एकमेकांना चोखतायत, आई समजून. आत्ताच वेगळी करा, दोन खोकी, दोन बाटल्या. कोमट पाण्याच्या बोळ्याने टिपून शू होतेय का ते बघा. सूज इतकी चढते की वाट बंद होते. आज रात्रीपर्यंत थेंब आला नाही तर उद्यावर ढकलू नका. शू मोकळी झाली तरी डोळे उघडेपर्यंत वेगळीच ठेवा.

पिंपळपान

धाग्यावर विचारलं नाही कुणी, पण लिहून ठेवतो. खार वन्यप्राणी आहे, १९७२च्या कायद्याखाली येते, पाळायची नाही. महाराष्ट्रात वनखात्याचा मदत क्रमांक १९२६. पिल्लू उबेत घालून पहिलं ओआरएस देऊन झालं की तो फोन करा. जवळचं उपचार केंद्र कळलं तर तिथे पोचवताना आजवर किती वाजता, किती मिली, कोणती पावडर, कोणत्या प्रमाणात, आणि रोजचं वजन असा कागद सोबत द्या. केंद्रात गेल्या गेल्या पावडर बदलली की पोट पुन्हा बिघडतं. कागद असेल तर ते तुमचीच दोन दिवस चालू ठेवून हळूहळू बदलतात.

गवती चहा

३८चं आज ४१ झालं. मटार हुंगून बाजूला सारला, भोपळ्याला मात्र दात लावलेत. दूध १.९ वरून २ करू?

मोजपट्टी

२.०५. काट्यावर ४१ आहे ना, मग सिरिंजवरही तेवढंच.